मोतीबिंदू शस्त्रक्रियेनंतरचा नेत्रसंसर्ग : प्रतिबंध (चंद्रपूर-गडचिरोली)

मोतीबिंदू काढल्यावर जंतू डोळ्याच्या आत शिरून पू धरतो, त्या विकाराला एंडॉफ्थॅल्मायटिस म्हणतात. हजारात एखाद-दुसऱ्यालाच होतो, पण झाला की दोन-चार दिवसांत नजर जाऊ शकते. जंतू बहुधा रुग्णाच्याच पापण्यांच्या कडेचे असतात. एकाच दिवशी ऑपरेशन झालेल्या अनेकांना झाला, तर मात्र संशय डोळा धुण्याच्या द्रवावर आणि निर्जंतुकीकरणावर घ्यावा लागतो. ऑक्टोबर 2023 मध्ये गडचिरोलीत काही रुग्णांना असा संसर्ग होऊन नागपूरला हलवावे लागले होते.

प्रतिबंधाची पहिली पायरी प्रतिजैविकाची नाही. डोळ्यात 5 टक्के पोव्हिडोन आयोडीन टाकून तीन मिनिटे थांबायचे. अश्रुपिशवीत नासूर असेल तर आधी त्याचा उपचार करायचा. त्यानंतर, शस्त्रक्रिया संपताना प्रतिजैविक थेट डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात सोडतात. युरोपातील चाचणीत (2007) सेफ्युरॉक्झिमच्या 1 मिलिग्रॅम मात्रेने संसर्ग सुमारे पाचपट घटला. भारतात मॉक्सिफ्लॉक्सासिन वापरतात. अरविंद नेत्र रुग्णालयांतील सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांच्या नोंदींत (2017) प्रमाण 0.07 टक्क्यांवरून 0.02 टक्क्यांवर आले. बुरशीवर मात्र हे औषध चालत नाही, आणि दूषित द्रवाची भरपाई ते करू शकत नाही.

या दोन जिल्ह्यांत टेबलावरच दिलेल्या या मात्रेचे मोल अधिक. थेंबांची बाटली घेऊन रुग्ण गावी जातो. तिथे चुलीचा धूर असतो, रोवणीच्या दिवसांत बांधीतला चिखल असतो, आणि दिवसातून चार वेळा थेंब टाकायला घरी कोणी असेलच असे नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की भामरागडचा रस्ताच बंद. संसर्गाची लक्षणे बहुधा पहिल्या आठवड्यात, म्हणजे रुग्ण घरी पोचल्यावर दिसतात. म्हणून सूचना रुग्णाच्या बोलीत, माडिया वा गोंडीतही, सांगाव्यात आणि आशाताईंना ऑपरेशन झालेल्यांची यादी द्यावी.

डोळा ठणकू लागला, लाल झाला किंवा आलेली नजर पुन्हा अंधुक झाली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. गोळ्या वा थेंब यावर पुरेसे नाहीत. व्हँकोमायसिन व सेफ्टाझिडिम ही प्रतिजैविके डोळ्यातच टोचावी लागतात.