शिडाच्या बोटीवर समुद्राच्या पाण्याचा पंप कशासाठी असतो? आणि तो बसवतात कसा?

१२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. १० वॅगन, प्रत्येकीत साधारण ५० हजार लीटर पाणी. त्या उन्हाळ्यात लातूरकरांनी एक नियम अंगवळणी पाडून घेतला होता: प्यायचं पाणी वेगळं, वापरायचं वेगळं, आणि प्यायच्या पाण्याने फरशी धुवायची नाही.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या शहराचा हा नियम शिडाच्या बोटीवरही तंतोतंत पाळला जातो. चारही बाजूंना पाणीच पाणी, पण प्यायचं पाणी फक्त टाकीत असेल तेवढंच. म्हणून धुण्याधाण्यासाठी समुद्राचं पाणी ओढणारा एक छोटा पंप बोटीवर बसवतात. इंग्रजीत त्याला 'वॉशडाउन पंप' म्हणतात.

गोडं पाणी किती मोलाचं?

भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून 'म्हादेई' या शिडाच्या बोटीतून एकटेच निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १९ मे २०१० ला परतले. अशी एकट्याने प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. वाटेत त्यांनी चारच थांबे घेतले: फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनले आणि केपटाउन. दोन थांब्यांच्या मध्ये कित्येक आठवडे फक्त समुद्र. पुढे अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये याच बोटीतून कुठेही न थांबता फेरी पूर्ण केली. अशा प्रवासात डेक धुवायला गोडं पाणी वापरणं म्हणजे टंचाईत टँकरच्या पाण्याने गाडी धुणं.

मग बादली का नको?

दोरी बांधलेली बादली हा जुना उपाय आजही चालतो, पण बोट थांबलेली असेल तेव्हाच. चालत्या बोटीवरून बादली पाण्यात टाकली की ती भरताच जोराचा हिसका बसतो. दोरी हाताला गुंडाळलेली असेल तर माणूसही पाण्यात ओढला जाऊ शकतो.

पंपाचं मुख्य काम असतं नांगराची साखळी धुण्याचं. आपल्या किनाऱ्यावर खाड्यांमध्ये आणि नदीमुखांशी तळाला चिकट गाळ असतो. नांगर उचलला की तो गाळ साखळीबरोबर वर येतो. न धुता साखळी आत ठेवली तर दोन दिवसांत अख्ख्या बोटीत कुजका वास सुटतो. शिवाय मासळीचे डाग, पक्ष्यांची घाण, बुटांचा चिखल यासाठीही हाच पंप कामाला येतो.

पंप कसा असतो?

आपल्याकडे विहिरीवरच्या मोटारीत आधी पाणी भरून 'एअर काढावी' लागते. इथे तसं नसतं. हा डायाफ्राम पंप असतो, म्हणजे आतला रबरी पडदा मागेपुढे हलून पाणी स्वतःच ओढून घेतो. तो १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. मिनिटाला साधारण १५ ते २० लीटर पाणी देतो आणि १० ते १५ अँपिअर वीज घेतो. नळी बंद केली की दाब वाढतो आणि प्रेशर स्विच पंप आपोआप थांबवतो.

बसवतात कसा?

१. पाण्याची वाट. बोट पाण्याबाहेर काढून तळाला भोक पाडतात आणि त्यात सीलंट लावून नळकांडं बसवतात. म्हादेईसारख्या बोटीचा तळ लाकडी गाभ्यावर फायबरग्लास चढवून केलेला असतो. तिथे भोकाची आतली कड इपॉक्सीने बंद करावीच लागते, नाहीतर पाणी गाभ्यात मुरतं आणि लाकूड कुजतं.

२. व्हॉल्व्ह. नळकांड्याला लागूनच आतून व्हॉल्व्ह बसवतात, त्याला 'सीकॉक' म्हणतात. तो ब्राँझचा किंवा खास मरीन प्लास्टिकचा हवा. घरातला साधा पितळी व्हॉल्व्ह खाऱ्या पाण्यात आतून पोकळ होत जातो. वरून धड दिसतो आणि एक दिवस हातात तुटून येतो.

३. गाळणी. शेवाळ आणि शिंपल्यांचे तुकडे पंपात जाऊ नयेत म्हणून पंपाच्या आधी जाळीची गाळणी लावतात. ती उघडून साफ करता येईल अशा जागी हवी.

४. नळी. पाणी ओढणारी नळी जाड, आत न चेपणारी असावी. पाण्याच्या पातळीखालच्या प्रत्येक जोडाला स्टेनलेस स्टीलच्या दोन-दोन क्लिपा लावतात.

५. वायर. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. लाईटचा दाब कमी झाला की मोटार कशी गुरगुरते, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. बॅटरीपासून पंप ८ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १६ मीटर वायर लागते. १२ अँपिअरला २.५ चौरस मिलिमीटरची वायर वापरली तर वाटेतच सव्वा व्होल्टहून जास्त दाब पडतो. १० चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये तो साधारण एक तृतीयांश व्होल्टच पडतो. बॅटरीजवळ फ्यूज आणि हाताशी बंद करायचं बटण हवंच.

इंजिनाच्या पाईपलाच जोड दिला तर?

नवीन भोक टाळण्यासाठी अनेकांना हे सुचतं. पण ते पाणी इंजिन थंड ठेवण्यासाठी असतं. नांगर उचलताना इंजिन आणि पंप दोन्ही एकाच वेळी चालू असतात. पंपाने पाणी किंवा हवा ओढली तर इंजिन तापतं, तेही बोट किनाऱ्याजवळ असताना. त्यापेक्षा टॉयलेटसाठी समुद्राचं पाणी घेणाऱ्या पाईपला जोड देणं बरं.

खरा धोका कुठे?

पाण्याखाली ६० सेंटिमीटरवर फक्त १९ मिलिमीटरचं भोक उघडं राहिलं, तर साध्या हिशोबाने मिनिटाला ३५ लीटरच्या आसपास पाणी आत येतं. तासाला दोन हजार लीटर, म्हणजे आपल्या गच्चीवरच्या हजार लीटरच्या दोन टाक्या. बोटीत कुणी नसेल तर रात्रभरात काय होईल, याचा अंदाज येतो. म्हणून काम झालं की व्हॉल्व्ह बंद करायचा आणि त्याच्याशेजारी योग्य मापाची निमुळती लाकडी खुंटी बांधून ठेवायची. नळी फुटली किंवा व्हॉल्व्ह तुटला तर तीच ठोकून भोक बुजवतात.

वापरताना लक्षात ठेवा

- बंदरातलं तेलकट, घाण पाणी ओढू नका.
- खारं पाणी वाळलं की मीठ उरतं आणि ते ओल धरतं. विजेच्या जोडण्या आणि स्टीलचे भाग शेवटी थोड्या गोड्या पाण्याने पुसून घ्या.
- बोट बरेच दिवस उभी राहणार असेल तर पंपातून एकदा गोडं पाणी फिरवा.

थोडक्यात, पंप छोटा असला तरी तो बोटीच्या तळातल्या एका भोकावर अवलंबून असतो. त्यामुळे पंपाच्या किमतीत एकवेळ काटकसर चालेल, व्हॉल्व्ह, क्लिपा आणि वायरमध्ये मात्र नाही.