विषाणूच्या पाठीवरून यकृताकडे

१३ सप्टेंबर १९९९ रोजी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जेसी गेल्सिंगर या अठरा वर्षांच्या तरुणाच्या यकृताकडे जाणाऱ्या धमनीत अब्जावधी विषाणू सोडण्यात आले. चौथ्या दिवशी तो गेला. जनुकोपचाराचा इतिहास वाचताना मी पुन्हा पुन्हा या मृत्यूपाशी येऊन थांबतो.

जेसीच्या यकृतात ‘ओटीसी’ या एन्झाइमची उणीव होती. त्यामुळे प्रथिनांच्या विघटनातून निघणारा अमोनिया रक्तात साठतो आणि मेंदूला इजा करतो. त्याचा आजार सौम्य होता. पथ्य आणि औषधांवर निभावत होते. उपचार खरे तर याच आजाराच्या तीव्र रूपाने दगावणाऱ्या अर्भकांसाठी होता. पण मरणाच्या दारातल्या बाळाच्या आईबापांची संमती मोकळ्या मनाची कशी मानायची, असा नैतिक आक्षेप आला आणि प्रयोगासाठी प्रौढ निवडले गेले. आपल्याला यातून लाभ नाही, हे जेसीला ठाऊक होते.

कल्पना साधी होती. रक्तातले सूक्ष्म कण यकृताच्या केशवाहिन्यांतील छिद्रांतून थेट पेशींपर्यंत जातात. ॲडिनोव्हायरसची वाढीसाठी लागणारी जनुके काढायची आणि तिथे हवे ते जनुक बसवायचे. पोस्टमनचा गणवेश तोच, थैलीतले पत्र नवे. शरीराने मात्र गणवेशच ओळखला. ताप चढला, दुसऱ्या दिवशी कावीळ दिसली, मग एकेक अवयव निकामी होत गेला.

चौकशीत बरेच बाहेर आले. अशाच विषाणूच्या मोठ्या मात्रेने माकडे मेल्याचा उल्लेख संमतिपत्रात नव्हता. जेसीचा अमोनिया ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होता. प्रयोगाचे एक प्रमुख जेम्स विल्सन यांचे संबंधित कंपनीत आर्थिक हितसंबंध होते. वडील पॉल आधी डॉक्टरांच्या बाजूने उभे होते. हे कळल्यावर ते कोर्टात गेले. जानेवारी २००० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने विल्सन यांच्या संस्थेतील मानवी चाचण्या थांबवल्या.

पुढचा वाहक मिळाला तो एका ‘भेसळी’तून. १९६५ मध्ये ॲडिनोव्हायरसच्या नमुन्यात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आणखी छोटे कण दिसले होते. हा एएव्ही विषाणू एकट्याने वाढू शकत नाही आणि त्याने कुठला रोग होतो असे आढळलेले नाही. २००२ मध्ये माकडांच्या ऊतींतून त्याचा आठवा प्रकार वेगळा केला गेला. यकृतात तो विशेष चांगला पोहोचत होता.

२०११ मध्ये लंडनच्या अमित नाथवानी यांच्या गटाने हिमोफिलिया-बीच्या सहा रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर नाइनचे जनुक याच आठव्या प्रकारावर बसवून हाताच्या शिरेतून एकदाच दिले होते. चौघांची नियमित इंजेक्शने थांबली. मोठी मात्रा घेतलेल्यांच्या यकृतावर ताण दिसताच स्टिरॉइड सुरू केले गेले. शरीर गणवेश ओळखते, हे आता गृहीत धरले होते.

हा आठवा प्रकार सापडला तो विल्सन यांच्याच प्रयोगशाळेत. त्याने संमतिपत्रातली ती गाळलेली ओळ भरून निघत नाही. आणि त्या ओळीमुळे चौघांची थांबलेली इंजेक्शनेही खोटी ठरत नाहीत. इतिहास लिहिताना या दोन्ही नोंदी एकाच पानावर याव्यात, असे मला वाटते. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत हिमोफिलिया-बीचा पहिला जनुकोपचार मंजूर झाला. किंमत पस्तीस लाख डॉलर. त्या पानावर ही तिसरी नोंदही हवी.