घरची लँडलाइन बंद करायची, पण इंटरनेट आणि फॅक्स ठेवायचे आहे? आधी हे वाचा

आता घरोघरी प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. लँडलाइनची रिंग महिन्यातून दोन-चार वेळाच वाजते, बिल मात्र दर महिन्याला येते. त्यामुळे पुष्कळ घरांत ‘बंद करून टाकू या’ असा विचार चालू असतो. विचार चुकीचा नाही, पण घाई केली तर फोनसोबत नेटही जाते.

फोन बंद, तर नेट बंद का?

जुने ब्रॉडबँड फोनच्याच तांब्याच्या तारेवरून येते. घरात स्प्लिटर नावाची छोटी डबी आवाज आणि नेट वेगळे करते. मुंबईत एमटीएनएल आणि बाकी महाराष्ट्रात बीएसएनएलची अशी कनेक्शने घरोघरी होती. अशी तार सरेंडर केली की तिच्यावरचे नेटही थांबते. म्हणून आधी फायबरचे कनेक्शन घ्या, आठ-पंधरा दिवस वापरून बघा, मगच जुन्याचा अर्ज द्या.

नंबरचे काय?

आपल्याकडे नंबर पोर्ट करण्याची सोय मोबाइलसाठी आहे. लँडलाइनचा नंबर मोबाइलवर नेता येत नाही. मात्र त्याच कंपनीचे फायबर घेतल्यास जुना नंबर राहील का, हे अर्ज देतानाच विचारा आणि लेखी घ्या.

नंबर जाणारच असेल तर बँक, विमा, गॅस, मुलांची शाळा आणि पासपोर्टची कागदपत्रे, जिथे जिथे तो दिला आहे तिथे बदलून घ्या. आखातातल्या नातेवाइकांना आठवणीने कळवा. दुबई-अबुधाबीत व्हॉट्सअॅपवर मेसेज जातात, पण कॉलवर तिथे बंदी आहे. म्हणून तिकडची माणसे थेट नंबरच लावतात, आणि खाला-चाचांना वर्षानुवर्षे तोच जुना नंबर पाठ असतो.

लाइट गेली तर?

तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजमधूनच साधारण ४८ व्होल्टची वीज मिळते, म्हणून घरातली लाइट गेली तरी साधा फोन चालतो. फायबरचे तसे नाही. मोडेम बंद पडला की नेट आणि त्यावरचा फोन, दोन्ही बंद. घरात वयस्कर अम्मी-अब्बू एकटे राहत असतील तर मोडेमला छोटा यूपीएस लावा. मोठ्या बटणांचा साधा मोबाइलही त्यांच्याजवळ चार्ज करून ठेवा. तातडीच्या वेळी ११२ लावायचे, हे त्यांना एकदा नीट समजावून सांगा.

फॅक्सचे काय?

घरातूनच ट्रॅव्हल एजन्सी किंवा दवाखान्याचे काम चालत असेल तर फॅक्स अजून लागू शकतो. दोन मार्ग आहेत.

१. फायबर मोडेमच्या फोन पोर्टला मशीन जोडणे. फॅक्सचे काम बारीक सुरांवर चालते. नेटवरून जाताना आवाज दाबला गेला की पान अर्धवट निघते. कंपनीकडे ‘टी.३८’ची सोय आहे का, ते विचारा. मशीनचा वेग ९६०० वर आणून पाच-सहा पानांची चाचणी घ्या.

२. समोरच्याला ईमेल चालत असेल तर मोबाइलवर स्कॅन करून पीडीएफ पाठवणे. हेच सोपे आणि स्वस्त. सायबर कॅफेतून आधार किंवा पासपोर्ट पाठवला तर तिथल्या कॉम्प्युटरवरची फाइल डिलीट करूनच उठा.

सरेंडर करताना

- थकीत बिल भरून पावती घ्या.
- अर्जासोबत शेवटचे बिल, ओळखपत्र आणि डिपॉझिट परत मिळण्यासाठी बँकेचा तपशील द्या.
- कनेक्शन मरहूम वडिलांच्या नावावर असेल तर मृत्यू दाखला लागेल. वारसांची कोणती कागदपत्रे हवीत, ते आधीच विचारा.
- कंपनीचा फोन किंवा मोडेम परत केल्याची पोच सांभाळा.
- बँकेतून आपोआप बिल कापले जात असेल तर ती सूचना रद्द करा.

अर्जावर शिक्का मारलेली प्रत डिपॉझिट हातात येईपर्यंत फाइलमध्येच राहू द्या. पुढे चुकून बिल आलेच, तर तोच कागद कामी येतो.