अव्यक्ताची पायरी: लीलावती व बीजगणित यांच्या पोथ्यांवरून दिसणारा अध्यापनक्रम

खानदेशांत चाळीसगांवच्या नैर्ऋत्येस सुमारें दहा मैलांवर पाटण म्हणून गांव आहे. तेथील भवानीच्या देवळांतील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं उजेडांत आणिला व पुढें कीलहॉर्न यांनीं एपिग्राफिया इंडिकाच्या पहिल्या खंडांत तो साक्षेपानें छापिला, ही गोष्ट आमच्या वाचकांस नवी नाहीं. यादव सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. सिद्धांतशिरोमणि व आपल्या घराण्यांतील इतर ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्यानें येथें मठ स्थापिला, आणि निकुंभ वंशांतील सोइदेवानें शके ११२८ मध्यें त्या मठास उत्पन्न नेमून दिलें. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठींत आहे. पाटणच्या पेठेंत येणाऱ्या मालापैकीं ग्राहकांकडून राजास मिळणारा भाग, घाण्यांवरील तेल, असले हक्क मठाकडे लावून दिल्याचें त्यांत नमूद आहे.

वंशावळीसाठीं, निकुंभ घराण्यासाठीं व मराठीच्या जुन्या रूपांसाठीं हा लेख पुष्कळांनीं वाचिला. परंतु ज्या कामाकरितां हें सर्व उत्पन्न तोडून दिलें, तें काम, म्हणजे प्रत्यक्ष शिकविणें, कोणत्या रीतीनें चालत असे, याचा विचार त्यामानानें थोडा झाला आहे. सबंध ज्योतिषाचा अभ्यासक्रम हा फार मोठा विषय होईल. आम्ही येथें एकाच गोष्टीपुरतें पाहणार आहोंत: जी संख्या ठाऊक नाहीं तिच्याविषयीं विचार करण्यास विद्यार्थ्यास केव्हां व कसें शिकवीत.

हा प्रश्न आजच्या शाळांतही जिवंत आहे. महाराष्ट्रांत नववी-दहावीस बीजगणित हा गणिताचा स्वतंत्र भाग असतो. अक्षर घालून समीकरण मांडण्याची ओळख त्याच्या आधीं कांहीं इयत्ता झालेली असते. पाढे, हिशेब व त्रैराशिक एका बाजूस आणि बीजगणित दुसऱ्या बाजूस, अशी भिंत विद्यार्थ्यांच्या मनांत उभी राहते. आणि ती पाडण्यासाठीं अक्षरें येण्यापूर्वींच खालच्या वर्गांत बीजगणिती विचाराची संवय लावावी, असें अलीकडे अनेक देशांतील शिक्षक म्हणूं लागले आहेत. आम्ही शाळामास्तर नव्हें. तथापि आमच्या संग्रहांतल्या पोथ्या या वादांत साक्ष देऊं शकतात, आणि ती साक्ष घेण्यापूर्वींच आपण त्या पोथ्यांची प्रतवारी लावून मोकळे होतों, म्हणून हा लेख.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला. छत्तिसाव्या वर्षीं, शके १०७२ मध्यें, त्यांनीं सिद्धांतशिरोमणि रचिला. लीलावती व बीजगणित हे त्याचेच पहिले दोन भाग मानितात. एकांत व्यक्त गणित, दुसऱ्यांत अव्यक्त, अशी वांटणी सांगण्याची वहिवाट आहे आणि ती चुकीची नाहीं. पण दोन्ही पोथ्या शेजारीं ठेवून वाचल्या म्हणजे ही भिंत ठिकठिकाणीं दारें ठेवून बांधिली आहे असें दिसतें.

लीलावतींत आठ परिकर्में, अपूर्णांक व शून्य संपतांच व्यस्तविधि येतो. कोणी एक संख्या धरली, तिला गुणिलें, भागिलें, वर्ग केला, कांहीं मिळविलें, शेवटीं अमुक उरलें. तर मूळ संख्या कोणती? उत्तरापासून उलट चालत जावें, गुणिलें असेल तेथें भागावें, वर्ग असेल तेथें मूळ काढावें. त्याला लागून इष्टकर्म आहे. त्यांतील कमळांचें उदाहरण पाहा. कमळांच्या राशीचा तिसरा भाग शिवास, पांचवा विष्णूस, सहावा सूर्यास, चौथा देवीस वाहिला व उरलेलीं सहा कमळें गुरूच्या चरणीं ठेविलीं. तर एकंदर कमळें किती? विद्यार्थ्यानें मनास येईल ती संख्या इष्ट म्हणून धरावी. साठ धरिली तर वीस, बारा, दहा व पंधरा मिळून सत्तावन्न जातात आणि तीन उरतात. तीन उरतात तेथें साठ, तर सहा उरतात तेथें किती? एकशेंवीस. येथें एकही अक्षर नाहीं, समीकरण नाहीं. त्रैराशिकच काय तें आहे. तरीही न कळलेल्या राशीस हातांत धरून, जणूं ती कळलीच आहे अशा रीतीनें तिच्यावर सर्व क्रिया करणें, हें जें बीजगणिताचें मर्म, तें विद्यार्थ्याच्या हातून होऊन गेलेलें असतें. नाव मात्र त्यास अजून सांगितलेलें नसतें.

यापेक्षांही बोलका पुरावा म्हणजे दोन्ही ग्रंथांत आलेलीं तींच तीं उदाहरणें. भ्रमरांचें उदाहरण सर्वश्रुत आहे. भ्रमरांच्या समूहाच्या निम्म्याचें वर्गमूळ मालतीकडे गेलें, समूहाचे आठ नवमांशही गेले, आणि कमळांत कोंडलेला एक भ्रमर व बाहेर गुंजारव करणारी त्याची भ्रमरी एवढीं उरलीं. हें लीलावतींत आहे व बीजगणितांतही आहे. कर्णवधाच्या वेळीं अर्जुनानें सोडलेल्या बाणांचें उदाहरणही तसेंच दोहों ठिकाणीं येतें. लीलावतींत भ्रमरांचें उत्तर गुणकर्माच्या ठरीव विधीनें निघतें. विधि पाठ असला कीं हात चालतो. बीजगणितांत त्याच समूहाचें प्रमाण यावत्तावत् असें न धरितां यावत्तावताच्या वर्गाची दुप्पट असें धरिलें आहे. असें केल्यानें निम्म्याचें मूळ नेमकें एक यावत्तावत् येतें आणि करणी उपस्थितच होत नाहीं. मग यावत्तावत् सहा व समूह बहात्तर. उत्तर जुनेंच, पण आतां विद्यार्थ्यास दिसतें कीं पूर्वीं पाठ केलेला विधि कोठून आला, आणि अव्यक्त कशास म्हणावयाचें हें ठरविणें हीच अर्धी युक्ति होय. ज्या उदाहरणाचें उत्तर विद्यार्थ्यास आधींच ठाऊक आहे तें पुनः देण्यांत दुसरा हेतु काय असणार? कुट्टकाचें प्रकरणही दोन्ही ग्रंथांत आहे. ही पुनरुक्ति लेखकाच्या विस्मरणानें झालेली नाहीं. ती पायरी आहे.

बीज म्हणजे अखेर निर्मळ बुद्धीच, अक्षरें व वर्ण हे तिचे साहाय्यक, अशा आशयाचे उद्गार आचार्यांनीं एकाहून अधिक ठिकाणीं काढिले आहेत. भावित प्रकरणांत तर अध्यापकाचा आवाज स्पष्ट ऐकूं येतो: उपपत्ति दोन प्रकारची, एक क्षेत्राची व दुसरी राशीची, ज्यांस क्षेत्रावरून उमगत नाहीं त्यांस राशीवरून दाखवावी, असें ते सांगतात. समोर बसलेल्यांपैकीं कोणास काय कळत नाहीं हें पाहिल्यावांचून असें वाक्य लिहिलें जात नाहीं.

या पद्धतीची पुढील साक्ष टीकाकारांकडून मिळते, आणि अभिमानाची गोष्ट अशी कीं त्यांतील तिघे मोठे टीकाकार मूळचे आपल्याच प्रांतांतले. गोदातीरच्या पार्थपूरचा, म्हणजे पाथरीचा, ज्ञानराजपुत्र सूर्यदास यानें शके १४६० मध्यें बीजगणितावर भाष्य लिहिलें. कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञानें शके १४६७ मध्यें लीलावतीवर बुद्धिविलासिनी लिहून नियमोनियमीं उपपत्ति दिली. वऱ्हाडांतून काशीस गेलेल्या घराण्यांतील कृष्ण दैवज्ञानें इ. स. १६०० च्या सुमारास बीजपल्लव रचिला. कोलब्रूक यांनीं १८१७ मध्यें लंडनला दोन्ही ग्रंथांचें जें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें, त्याच्या टीपा बहुतांशीं या मंडळींच्या टीकांवर उभ्या आहेत.

कृष्ण दैवज्ञाचें ऋणसंख्येचें विवरण आम्हांस विशेष आवडतें. शून्याहून कमी तें काय, या प्रश्नानें आजही मुलें अडतात. कृष्ण म्हणतो, ऋणत्व तीन प्रकारचें: देशाचें, काळाचें व वस्तूचें. देशाचें समजाविण्यास तो काशीच्या वाटेवर उभा राहतो. काशीच्या पूर्वेस पंधरा योजनांवर पाटणा, पश्चिमेस आठ योजनांवर प्रयाग. तर पाटणा व प्रयाग यांतील अंतर तेवीस योजनें. एक दिशा धन मानिली कीं दुसरी ऋण, आणि ऋणाची वजाबाकी करितांना बेरीज कां होते हें पांथस्थासही कळावें. यूरोपांतील कित्येक गणिती यानंतरही दीर्घकाळ ऋणसंख्यांस खोट्या संख्या म्हणत राहिले, हें लक्षांत घेतलें म्हणजे या साध्या उदाहरणाची किंमत कळते.

येथें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहींतर आमच्यावर पूर्वजस्तुतीचा आरोप येईल आणि तो खराही ठरेल. ही पायरी होती, पण तिच्यावर चढणारे फार थोडे होते. गांवच्या पंतोजीच्या शाळेंत पाढे, पावकी, निमकी, दिडकी व मोडी हिशेब एवढाच व्यवहार असे. तेथील मुलगा व्याज चुटकीसरसें काढी, पण यावत्तावत् त्याच्या कानांवर पडत नसे. लीलावती संस्कृतांत, पाठशाळेंत, व बहुधा ज्योतिष्याच्या घरांत. स्त्रियांस व इतर जातींच्या मुलांस तें दार बंदच होतें. पाठशाळेंतही श्लोक घोकून उपपत्तीस फांटा देणारे असले पाहिजेत. नाहींतर टीकाकारांस उपपत्तीसाठीं एवढी शाई कां खर्चावी लागती?

हे दोन प्रवाह एकत्र येण्याची संधि एकोणिसाव्या शतकांत आली, ती अर्धीच साधली. मुंबईंत १८२२ पासून शाळापुस्तकें तयार होऊं लागलीं, जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखालीं इंग्रजी गणितग्रंथ मराठींत उतरले, आणि प्रथमच संस्कृत न येणाऱ्या मुलास बीजगणित वाचतां आलें. ही मोठीच प्राप्ति. पण क्रम इंग्रजी पुस्तकाचा आला, व यावत्तावत्, कालक, नीलक यांच्या जागीं नवीं अक्षरें आलीं. पुढें मराठींत क्ष इतका रुळला कीं अज्ञात किरणांसही आपण क्ष-किरण म्हणूं लागलों. दोन्ही परंपरा एका डोक्यांत नांदल्याचें उत्तम उदाहरण म्हणजे बापूदेवशास्त्री. जन्म १८२१ चा, घराणें नगरकडचें. नागपुरास त्यांनीं धुंडिराज मिश्रांजवळ लीलावती व बीजगणित केलें. लॅन्सलॉट विल्किन्सन यांनीं त्यांस सिहोरच्या पाठशाळेंत नेलें, तेथें यूरोपीय गणिताची ओळख झाली, आणि १८४२ पासून काशीच्या संस्कृत पाठशाळेंत त्यांनीं दोन्ही शिकविलें व हिंदींत बीजगणितही लिहिलें. असा दुवा मराठी शाळांच्या वाट्यास आला असता तर भास्कराचा क्रम नव्या पुस्तकांत कदाचित् शिरला असता.

आतां संग्राहकांशीं दोन शब्द. लीलावती व बीजगणित यांच्या प्रती थोड्या नाहींत. त्यांतून आपण सुवाच्य, संपूर्ण, शकमिति असलेली प्रत निवडतों. डाग पडलेली, समासांत आंकडे खरडलेली, चार पानें गळालेली प्रत बाजूस टाकितों. बांधणीच्या वेळीं समास छाटण्याची खोड तर सर्वत्र आहे. पाठशुद्धीसाठीं हें ठीक. पण शिकविण्याचा इतिहास त्या खरडलेल्या समासांतच असतो. सुंदर प्रत लेखनिकाची. मळकी प्रत विद्यार्थ्याची.

कोणती जागा प्रथम पाहावी हेंही सांगतों. बीजगणितांत एकवर्ण समीकरणाच्या आरंभीं घोड्यांचें उदाहरण आहे. एकापाशीं तीनशें रूपें व सहा घोडे; दुसऱ्यापाशीं दहा घोडे, पण शंभर रूपें कर्ज; दोघांचें धन सारखें; तर घोड्याचें मोल काय? पोथींत न्यास असा असतो: वरच्या ओळींत या ६ रू ३००, खालच्या ओळींत या १० रू १००, व या शंभरावर ऋणाचा बिंदु. मोल शंभर येतें व दोघांचें धन नऊशें. आतां हा बिंदु शाईचा एक ठिपका. नक्कल करितांना तो सहज गळतो. गळला तर मोल पन्नास येतें, दोघांचें धन सहाशें होतें, ताळा तंतोतंत जमतो, आणि केवळ नियम चालविणाऱ्यास चूक झाल्याची शंकाही येत नाहीं. ती शंका कर्ज ध्यानांत ठेवणाऱ्यासच येणार. तेव्हां आपल्या प्रतींत तें पान काढून पाहावें: बिंदु मूळच्या शाईंत आहे, कीं गळलेला आहे, कीं मागाहून दुसऱ्या हातानें, वेगळ्या शाईंत घातलेला आहे. तिसऱ्या प्रकारची प्रत कोणापाशीं निघाल्यास ती कितीही फाटकी असो, तिचें वर्णन या त्रैमासिकाकडे अवश्य धाडावें.