स्टॉकपोर्ट, एप्रिल १९७९

स्टॉकपोर्टच्या वॉटर्लू रोडवर तुम्ही उभे आहात. साल १९७९, महिना एप्रिल. मँचेस्टरला खेटून असलेलं हे गाव सूतगिरण्यांचं आणि हॅटच्या कारखान्यांचं; पण ते वैभव आता ओसरत चाललंय. हिवाळाभर देशात संपामागून संप झाले. पुढच्या महिन्यात थॅचरबाई निवडून येणार आहेत, हे तुम्हाला माहीत आहे, रस्त्यावरच्या माणसांना नाही. समोर स्ट्रॉबेरी स्टुडिओ आहे. दार ढकला.

आत चौघं आहेत, एकवीस ते तेवीस वयाची. गिटारवर बर्नार्ड समनर, बेसवर पीटर हुक, ड्रमवर स्टीफन मॉरिस, आणि गाणारा इयन कर्टिस. बँडचं नाव जॉय डिव्हिजन. त्यांची ही पहिलीच एलपी, ‘अननोन प्लेझर्स’. स्टेजवर वाजवतो तसंच रोखठोक, अंगावर येणारं काहीतरी टेपवर उतरावं, एवढीच त्यांची अपेक्षा आहे. काचेपलीकडे मिक्सरपाशी बसलेला निर्माता मार्टिन हॅनेट, त्याच्या डोक्यात मात्र वेगळंच आहे.

तो काय करतोय ते नीट बघा, कारण या रेकॉर्डचा काळोख इथे, या मिक्सरवर तयार होतोय. एका ड्रमचा आवाज दुसऱ्यात मिसळलेला त्याला चालत नाही. प्रत्येक ठोका त्याला सुटा हवाय. मग तो ठोका डिजिटल डिलेच्या यंत्रातून जातो. उशीर इतका बारीक ठेवलेला असतो की प्रतिध्वनी म्हणून तो कळतच नाही. खोलीच्या भिंती मागे सरकल्या, एवढंच जाणवतं. हुकचा बेस वरच्या पट्टीत फिरतोय. तालमीत समनरच्या गिटारीपुढे खालचे सूर त्याला स्वतःलाच ऐकू यायचे नाहीत, म्हणून तो वर गेला आणि तीच त्याची ओळख झाली. इथे तर बऱ्याचदा बेसच धून गातो, आणि स्टेजवर कडाडणारी गिटार हॅनेटने मागे सारली आहे. चौघे एकाच गाण्यात आहेत, पण एकमेकांच्या हाताला लागणार नाहीत इतक्या अंतरावर. एकटेपणाबद्दल पुष्कळ गाणी आहेत. एकटेपणाच्या मापाची जागा बांधून देणारी रेकॉर्ड मी तरी दुसरी ऐकलेली नाही.

‘इनसाइट’मध्ये स्टुडिओच्या लिफ्टची घरघर येते. त्याच गाण्यासाठी कर्टिसचा आवाज टेलिफोनच्या लाइनवरून घेतलाय, पुरेसा लांबून यावा म्हणून. शेवटच्या ‘आय रिमेंबर नथिंग’मध्ये काच फुटते आणि तुम्ही दचकता. कितव्यांदाही ऐका, दचकताच.

आता ‘शीज लॉस्ट कंट्रोल’. ठोक्यांमध्ये फस्स फस्स असा आवाज ऐकू येतोय ना? तो स्प्रेच्या डब्याचा आहे. कर्टिस मॅकल्सफील्डच्या रोजगार कार्यालयात नोकरी करतो. अपंगांना आणि आजारी माणसांना काम मिळवून देणं हे त्याचं काम. तिथे फेफरं येणारी एक मुलगी नोकरीसाठी यायची. ती यायची थांबली, आणि पुढे तिच्या मृत्यूची बातमी त्याला कळली. गाणं तिचं आहे. पण गेल्या डिसेंबरात लंडनचा कार्यक्रम आटोपून परतताना त्याला स्वतःलाच फिट आली, आणि जानेवारीत एपिलेप्सीचं निदान झालं. आता माइकसमोर उभा राहून तो दुसरीची गोष्ट म्हणतोय आणि प्रत्येक शब्द त्याच्याच अंगावर येतोय. आवाज मात्र कुठेही कापत नाही.

इथे मला तुमचा हात धरावासा वाटतो. १८ मे १९८० ही तारीख तुम्हाला माहीत आहे. अमेरिकेच्या दौऱ्याला निघायच्या आदल्या दिवशी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, इयन कर्टिसने आयुष्य संपवलं. ती तारीख खिशात घालूनच लोक ही रेकॉर्ड ऐकतात आणि प्रत्येक ओळीत मरणाची चाहूल शोधतात. मला हा त्याच्यावरचा अन्याय वाटतो. समोर उभा आहे तो बावीस वर्षांचा, आजारी, कामसू मुलगा. याच एप्रिलमध्ये तो बाप होतोय. तो गाणी बेतून लिहितो, आणि ती चोख गातो. या गाण्यांत भीती आहे, अपराधीपणा आहे. पण ती शेवटची चिठ्ठी म्हणून लिहिलेली नाहीत.

जूनच्या मध्यावर दुकानात जा. बँडच्या कंपनीने, फॅक्टरी रेकॉर्ड्सने, पहिल्या खेपेला १०,००० प्रती काढल्यात. काळं, बोटांना खरखरीत लागणारं कव्हर. पुढच्या बाजूला ना फोटो, ना बँडचं नाव. मधोमध डोंगररांगांसारख्या पांढऱ्या रेषा. १९६७ साली जॉसलिन बेल यांना सापडलेल्या पहिल्या पल्सरचा, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओलहरींचे ठोके पाठवणाऱ्या ताऱ्याचा, तो आलेख, खगोलशास्त्राच्या एका कोशातून उचललेला. कोशात रेषा काळ्या होत्या, कागद पांढरा. कव्हर करणाऱ्या पीटर सॅव्हिलने ते उलटं केलं. आज तो आलेख टी-शर्टांवर इतका फिरतो की घालणाऱ्या अनेकांना रेकॉर्डचा पत्ताही नसतो. तक्रार नाही, चित्र आहेच तसं.

समनर आणि हुक यांना मात्र हॅनेटने घडवलेला रेकॉर्डचा हा आवाज अजिबात आवडला नव्हता. आमची धार गेली, असं त्यांचं म्हणणं. हॅनेटने काम चांगलं केलं होतं, हे हुकने फार वर्षांनी मान्य केलं. मी पहिल्यापासून हॅनेटच्या बाजूने आहे. नुसती धार असती, तर ती त्या वर्षीच्या शंभर पंक रेकॉर्डांतली आणखी एक झाली असती.

एक विनंती आहे. दहा गाणी आहेत, एकूण चाळीस मिनिटांच्या आत. सुटी ऐकू नका. ‘डिसऑर्डर’पासून सलग ऐका, हेडफोन लावून. आणि तेवढा वेळ १९८० साल उजाडलेलंच नाही असं धरून चाला.