प्रतीक्षा (ख्रिस्ती)

देवाच्या वेळेवर भरवसा ठेवून धीराने राहण्याची ख्रिस्ती जीवनातील वृत्ती. मराठी मंडळींत 'वाट पाहणे', 'धीर धरणे' हे शब्द रूढ आहेत. 'प्रभूच्या वेळेनं होईल' असे सहज म्हटले जाते. जुन्या करारातील हिब्रू 'कावा' या क्रियापदाचे नाते दोरीवाचक शब्दाशी जोडतात. ग्रीक नव्या करारात दोन शब्द येतात : ओझ्याखाली टिकून राहणे ते 'हुपोमोने', आणि माणसांवरचा राग आवरून धरणे ते 'माक्रोथुमिया'. उपासनावर्षात नाताळापूर्वीचे चार रविवार आगमनकाळाचे, म्हणजे प्रतीक्षेचेच.

केडगाव : पुणे जिल्ह्यात या वृत्तीचा सर्वांत ठळक दाखला पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) मुक्ती मिशन या निराधार स्त्रियांच्या आश्रमाचा. बोस्टन येथे १८८७ साली स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने त्यांच्या शाळेला दहा वर्षे मदतीची हमी दिली होती. १८९८मध्ये ती मुदत संपली. तोवर १८९६-९७च्या दुष्काळातील निराधार मुली केडगावी आल्या होत्या. १९००च्या सुमारास आश्रितांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. कोणापुढे हात न पसरता अनाथालये चालवणाऱ्या जॉर्ज म्युलरचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते आणि त्याचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. मात्र त्यांची प्रतीक्षा स्वस्थ बसण्याची नव्हती. विहिरी खणणे, शेती, विणकाम, छापखाना हे सारे तिच्यातच मोडत होते.

जानेवारी १९०५पासून मुली रोज प्रार्थनेसाठी जमू लागल्या. जूनअखेर तेथे मोठे धार्मिक पुनरुज्जीवन झाले. त्याचे स्वरूप आणि पेंटेकॉस्टल चळवळीशी असलेले नाते यांविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

प्रस्तुत नोंदकाराला याहून महत्त्वाचे वाटते ते बायबलचे भाषांतर. प्रचलित मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातल्या बाईला कळत नाही, म्हणून रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून मूळ ग्रंथांवरून सोपे मराठी भाषांतर करायला घेतले. हे काम सुमारे अठरा वर्षे चालले. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, आश्रमातील स्त्रियांच्या हातून होई. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळीत लावायचे. खिळ्यावरचे अक्षर उलटे, त्यामुळे ओळ आरशातल्यासारखी वाचायची. काना, मात्रा, वेलांटी चुकली की ओळ सोडवून पुन्हा जुळवायची. ज्यांच्यासाठी पुस्तक, त्यांच्यासारख्याच बायका ते जुळवीत होत्या. धीर म्हणजे काय हे दाखवायला याहून नेमके चित्र मराठी ख्रिस्ती इतिहासात क्वचितच सापडेल. नवा करार १९१३मध्ये निघाला. २४ जुलै १९२१ रोजी एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. काम तरीही चालू राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या शब्दयोजनेविषयी दुमत आहे.

टिळक दांपत्य : कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे माहेरच्या नातलगांत राहिल्या, मग नवऱ्याकडे परतल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९००मध्ये झाला. बायकोच्या श्रद्धेची घाई न करणे, हेही प्रतीक्षेचेच रूप. लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' हा या काळाचा मुख्य आधार.

पिंपरी-चिंचवड व चाकण : हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या स्थापनेपासून (१९५४) वाढत गेलेल्या या पट्ट्यात कामासाठी बाहेरून आलेली ख्रिस्ती कुटुंबेही स्थायिक झाली. येथील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, उपासना रविवारी; दोन्हींचा मेळ बसेपर्यंत धीर धरणे हीही प्रतीक्षाच.