सलीमगड : यमुनेतले एक बेट

दिल्लीत येणारे मराठी पाहुणे लाल किल्ला आवर्जून पाहतात. त्याच्या ईशान्येस लागून असलेला सलीमगड मात्र सहसा राहून जातो. हा गड मुळात यमुनेच्या पात्रातील बेट होता.

शेरशहाचा मुलगा इस्लामशहा सूर याने १५४६ मध्ये येथे तटबंदी बांधली. हुमायून परतण्याची धास्ती होती आणि नदी हा आयता खंदक होता. १५५५ मध्ये हुमायून आलाच. पुढे शहाजहानने शेजारी लाल किल्ला उभारल्यावर बेटाचे लष्करी महत्त्व घटले. पण जेथे शत्रूला येणे अवघड, तेथून कैद्यालाही निसटणे अवघड. गड राजघराण्याचा तुरुंग झाला. १६५८ मध्ये औरंगजेबाने भाऊ मुराद यास येथे ठेवले. १६८१ मध्ये बंडखोर शहजादा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयास गेला. त्याच्याशी पत्रव्यवहार केल्यावरून बहीण झेबुन्निसा हिची रवानगी याच गडावर झाली.

इंग्रजांनी १८६६ मध्ये यमुनेवर लोखंडी पूल बांधला आणि लोहमार्ग थेट गडातून नेला. १९४५ मध्ये आझाद हिंद सेनेचे कैदी येथे होते. त्यांच्या स्मरणार्थ १९९५ मध्ये गडावर स्मारक झाले. २००७ मध्ये लाल किल्ल्याबरोबर गडही जागतिक वारसा यादीत गेला.

दरम्यान नदी पूर्वेकडे सरकली. गड आणि लाल किल्ला यांमधील जुन्या प्रवाहाच्या जागी आज रिंग रोड आहे. कागदोपत्री बेट संपले. तथापि जुलै २०२३ मध्ये पाणी २०८.६६ मीटरपर्यंत चढले, १९७८ च्या २०७.४९ मीटरचा उच्चांक मोडला आणि लाल किल्ल्यामागचा रस्ता बुडाला.

येथे एक आकडा ध्यानात घेण्याजोगा आहे. २०१९ मध्ये हथनीकुंडहून सुमारे ८.२८ लाख क्यूसेक पाणी सुटले, तरी दिल्लीत पातळी २०६.६० मीटरवर थांबली. २०२३ मध्ये विसर्ग सुमारे ३.५९ लाख, म्हणजे निम्म्याहूनही कमी होता. पाणी कमी, पातळी अधिक! पावसाचा वाटा आहेच. पण भराव, बांधकामे, गाळ आणि बंधाऱ्याचे न उघडलेले दरवाजे यांनी नदीची वाट अडवली, हेही खरे.

अर्थशास्त्राच्या भाषेत, पूरमैदान मोकळे ठेवण्याची किंमत दरवर्षी दिसते. ते भरण्याची किंमत वीसतीस वर्षांनी, आणि बहुधा दुसऱ्याच कुणाला, मोजावी लागते. म्हणून नदीकाठच्या जमिनीचा वापर बदलण्याच्या प्रत्येक नस्तीत त्या जागेचा जुना नकाशा जोडणे सक्तीचे करावे, असे मला वाटते. सही करणाऱ्याला आपण जमीन देतो आहोत की नदीचे पात्र, एवढे तरी कळेल.